खुणा वाचताना



चर्चच्या मागच्या अंगणात गेले दोन महिने जी पत्र्याची निळी गाडी उभी आहे, तिच्याविषयी अनेकांनी मला विचारले. कुणी म्हणाले, "फादर, भंगार कशाला आणून ठेवलंत?" कुणी म्हणाले, "पावसाळ्यात खाली पाणी साचेल, डास होतील." दोन्ही तक्रारी रास्त आहेत. म्हणून आज त्या गाडीची हकिकत सांगतो. ती सांगताना माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागेल. खरे तर आजचा हा लेख त्या चुकीसाठीच लिहीत आहे.

ही गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत नाही. जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली, म्हणजे ट्रेलर. परदेशी चित्रपटांत सुट्टीला निघालेली कुटुंबे अशा खोलीत राहताना दिसतात. आपल्या युवकांना शिबिराचे सामान ठेवायला आणि पाऊस आला तर आत बसायला अशी एक खोली हवी होती. साकीनाक्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे त्यांना ही सापडली. रस्त्यावर न्यायची नसल्यामुळे आणि पत्र्याच्या भावात मिळत असल्यामुळे मी होकार दिला.

गाडी आल्यावर मात्र मनात शंका आली. ही चोरीची तर नाही ना? चोरी करू नये ही सातवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. चोरीचा माल स्वस्तात घेणाराही त्या आज्ञेतून सुटत नाही. विक्रेत्याकडे एका साध्या पावतीपलीकडे काही नव्हते. तेव्हा गाडीवरच्या खुणा वाचणे हाच मार्ग उरला.

मुलांनी प्रथम टायर पाहिले. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. इथे ३२११ होते, म्हणजे २०११ सालचा बत्तिसावा आठवडा. मुले म्हणाली, "फादर, गाडी २०११ची!" आपल्या धर्मग्रामातले एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांचे सारे आयुष्य मोटारींच्या वर्कशॉपमध्ये गेले, ते शेजारी उभे होते. ते हसून म्हणाले, "बाळांनो, ते टायरचं वय झालं. बुटावरून माणसाचं वय काढू नका."

त्यांनी मग ओढदांड्यावरचा गंज पॉलिश पेपरने हलकेच घासला, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवले. पत्र्यात ठोकलेले आकडे कागदावर उमटले. मागच्या बाजूला जुन्या नंबराचा पुसट रंग होता. त्यात 'एम' आणि त्यापुढे आणखी दोन इंग्रजी अक्षरे होती. आज आपण एमएच ०२ पाहिले की अंधेरीचे आरटीओ ओळखतो. ही दोन अक्षरे राज्याची आणि दोन आकडे कार्यालयाचे, ही पद्धत १ जुलै १९८९ पासूनची, १९८८चा मोटार वाहन कायदा लागू झाला तेव्हापासूनची. त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांना 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरे असत. म्हणजे गाडी १९८९ पूर्वीची ठरली. तो नंबर घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तशा गाडीची तक्रार नोंदलेली नाही असे कळले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता उरली ती पत्र्यावरची अक्षरे. निळ्या रंगाखाली पांढरा आणि पांढऱ्याखाली हिरवा रंग होता, आणि हिरव्यावर ठळक देवनागरीत काहीतरी लिहिलेले होते. पहिला शब्द 'फिरते' हा स्पष्ट होता. दुसऱ्या शब्दाचा शेवटचा 'लय' दिसत होता आणि त्याच्या आधी दोन उभ्या रेघा. बाकीचे गंजाने खाल्ले होते.

मुलांनी क्षणात निकाल दिला: "फिरते शौचालय!" दुपारपर्यंत ही बातमी सगळीकडे पसरली. शिबिराच्या जेवणाचे पाहणाऱ्या आंटी मला येऊन म्हणाल्या, "फादर, त्या गाडीत मी भांडी ठेवणार नाही. जेवण तर नाहीच नाही." मी समजावले की हे अजून नक्की नाही. पण 'नक्की नाही' हे शब्द अफवेपुढे टिकत नाहीत.

ज्येष्ठ गृहस्थांनी मुलांना बसवून अक्षरे पुन्हा पाहायला लावली. त्या दोन उभ्या रेघा 'चा'च्या असू शकतात, 'ना'च्या असू शकतात आणि 'णा'च्याही. च, न आणि ण तिन्हींच्या उजवीकडे उभा दंड असतो आणि त्यापुढे काना. डावीकडचा भाग गेला की तिन्ही अक्षरे सारखीच. म्हणजे शौचालय, वाचनालय, रुग्णालय, काहीही असू शकते. पण 'शौ'ला शिरोरेषेच्या वर मात्रा हव्यात. 'फिरते'मधल्या 'ते'ची मात्रा अजून दिसत होती, आणि दुसऱ्या शब्दाच्या वर मात्र रंगाचा मागमूस नव्हता. शौचालय बाद झाले. मग आतल्या भिंतीवर सारख्या अंतराने स्क्रूच्या भोकांच्या ओळी सापडल्या. तिथे फळ्या होत्या. फळ्यांवर औषधेही असू शकतात आणि पुस्तकेही. शेवटी कुजलेले प्लायवूड काढताना त्यामागे एक पिवळी पडलेली चिठ्ठी मिळाली. पुस्तक परत करण्याची तारीख, आणि खाली पुसट झालेल्या शिक्क्यांचा रकाना. संस्थेचे नाव त्यावर नव्हते. फिरते वाचनालय!

संत ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथात खुणांचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही खुणा निसर्गतःच घडतात. धूर दिसला की अग्नी कळतो, पाऊल उमटलेले दिसले की जनावर गेल्याचे कळते. सांगावे अशी धुराची किंवा जनावराची काही इच्छा नसते. काही खुणा कोणीतरी कोणाला तरी काही कळावे म्हणून केलेल्या असतात, जसे शब्द आणि अक्षरे. आमच्या गाडीवर दोन्ही होत्या. रंगवलेली अक्षरे सांगण्यासाठी होती, स्क्रूची भोके आपोआप राहिलेली होती. दोन्ही मिळून सत्य हाती आले. मला फार आनंद झाला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वाचलेले असे अंगणात उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

जुन्या वस्तूवरच्या खुणा वाचणे आपल्या मुलखाला नवीन नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. 'स्वदेस' (२००४) या चित्रपटात तो अनेकांनी पाहिला असेल. तिथल्या मेणेश्वराच्या देवळापाशी एक मोठी घंटा आहे. जवळ जाऊन पाहिले तर तिच्यावर पवित्र मरिया आणि बाळ येशूची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली आणि वसईच्या मोहिमेनंतर ही घंटा तिकडे आली. आपल्यातल्या कुणाला ती पाहून वाईट वाटेल, कुणाला विजयाची आठवण होईल, कुणाला हे आवडेल की देवळात लागूनही कुणी ती आकृती खरवडली नाही. आपण काहीही वाचले तरी घंटेला त्याचे सुखदुःख नाही. तिचा नाद तोच राहतो. आमच्या गाडीचेही तसेच. तिला चार दिवस शौचालय म्हटले म्हणून ती रडली नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी आनंदाने सांगितली. आता पुढची.

गाडीच्या आतले काम करायला आम्ही एक सुतार बोलावला. चाळिशीचा, कमी बोलणारा, हाताला चांगला. त्याच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, गोंदलेली काही अक्षरे होती आणि त्यांवरून भाजल्याचा जाड व्रण गेला होता. शेवटचे एकच अक्षर वाचता येत होते. आमच्या मुलांना खुणा वाचायचा नाद लागलेलाच होता. चहाच्या वेळी त्यांची कुजबुज मी ऐकली. एक म्हणाला, "बायकोचं नाव असणार, मग भांडण झालं असेल." दुसरा म्हणाला, "अरे, आत जाऊन आलेला असेल. नाव लपवायला जाळून घेतलं." मुले हसली. मीही हसलो. मी त्यांना थांबवले नाही.

त्याच संध्याकाळी तो पाणी मागायला ऑफिसच्या दारात आला. मी टेबलाशी होतो. ज्या कपाटात दानपेटीचे पैसे असतात त्याची किल्ली टेबलावर पडली होती. मी उठलो, कपाटाला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि मग त्याला पाणी दिले. हे सारे अर्ध्या मिनिटात झाले. मी विचार करून केले असेही म्हणवत नाही. हात आपोआप चालला. त्याने ते पाहिले. पाणी प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसच्या पायरीवर चढला नाही. तहान लागली की अंगणातल्या नळावर जाई. हत्यारांची पिशवी संध्याकाळी निघताना उघडी करून, वॉचमनला दाखवून नेऊ लागला. त्याला कुणी तसे सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी ते माझ्या लक्षात आले आणि मला त्या रात्री प्रार्थना नीट करता येईना. सकाळी मी गाडीत गेलो आणि म्हणालो, "दादा, परवा माझं चुकलं. मला माफ करा." त्याने रंधा थांबवला नाही. म्हणाला, "चालायचंच, फादर. सवय आहे."

'सवय आहे' हे दोन शब्द अजून माझ्या कानात आहेत. एका पत्र्यावरचे पुसट अक्षर न आहे की च, हे ठरवायला आम्ही आठवडा घालवला. मात्रा तपासल्या, भोके मोजली, घाई करणाऱ्या मुलांना आवरले. आणि एका माणसाच्या हातावरची खूण मी चहाचा कप संपेपर्यंत वाचून मोकळा झालो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. शंका असेल तेव्हा दुसऱ्याविषयी चांगला अर्थ घ्यावा की वाईट? ते म्हणतात, चांगला. त्यावर कुणी आक्षेप घेईल की अशाने आपण वारंवार फसू, कारण माणसे काही फार चांगली नसतात. संत थॉमस हे नाकारत नाहीत. पण वाईट माणसाला चांगले समजून पुष्कळदा चुकणे हे चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित चुकण्यापेक्षा बरे, असे ते सांगतात. कारण दुसऱ्या चुकीत कुणावर तरी अन्याय होतो, पहिलीत होत नाही.

पुढे ते आणखी एक भेद करतात, आणि माझी चूक मला तिथे सापडली. वस्तूंचा न्याय करणे वेगळे आणि माणसांचा न्याय करणे वेगळे. वस्तूविषयी आपण काहीही ठरवले तरी वस्तूचे बरेवाईट होत नाही, म्हणून तिथे फक्त सत्य काय ते पाहावे. माणसाविषयी आपण मनात जे ठरवतो त्याने त्याची अब्रू राहते किंवा जाते. म्हणून उघड पुरावा नसेल तर त्याला चांगलाच समजावे. गाडीवर मी संशय घेतला ते योग्य होते, ते माझे कर्तव्यच होते. तीच नजर मी सुताराकडे वळवली. गाडी वाचता वाचता माणूसही गाडीसारखाच वाचू लागलो.

आपण सगळे हे करतो. पवित्र शास्त्रातले एक उदाहरण पाहा. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन आपल्या भावाला ठार मारतो आणि देव त्याच्यावर एक खूण करतो. 'काइनची खूण' म्हणजे कलंक, असे आपण मानत आलो. पण तो अध्याय घरी जाऊन पुन्हा वाचा. काइनला भीती वाटते की जो भेटेल तो आपल्याला मारील. तसे कुणी करू नये म्हणून परमेश्वर ती खूण करतो. खून केलेल्या माणसावरची ती खूण देवाने त्याच्या रक्षणासाठी दिली होती, आणि आपण ती शिक्षेची म्हणून वाचली.

हा वाचनदोष कायद्यातही उतरू शकतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमातींतली माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली, त्यांच्यावर नोंदणी आणि हजेरी लादली. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, ते त्यातून मुक्त झाले. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालाकडे बोट दाखवण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. त्यांनाही कुणी विचारले तर 'सवय आहे' असेच म्हणतील.

लांब कशाला जायचे? आपल्या अंधेरीत भाड्याने घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा. आधी आडनाव विचारतात, मग काय खाता ते, मग लग्न झाले आहे का. आपल्यातल्या कित्येकांना मासे-मटण खातात म्हणून, ख्रिस्ती आहेत म्हणून नकार मिळालेला आहे आणि त्याचे दुःख माझ्यापाशी येऊन सांगितलेले आहे. पण आपल्या मालकीची खोली भाड्याने द्यायची वेळ आली की आपणही आडनावच वाचतो, हेही मी ऐकलेले आहे. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एखादी बाई रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसते आणि ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे येत नाही, तेव्हा तिच्याभोवती किती कथा रचल्या जातात? कारण तिला माहीत असते आणि देवाला.

आता आईवडील म्हणतील, "फादर, हे सगळे ठीक आहे, पण मुंबईत डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? घरात लहान मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत." हा प्रश्न खरा आहे आणि संत थॉमस यांनी तोही टाळलेला नाही. संभाव्य वाईटावर उपाय योजताना जास्त वाईटाची शक्यता धरून चालावे, असे ते म्हणतात. मोठ्या दुखण्याला चालणारा उपाय लहान दुखण्यालाही चालतो. पण उपाय करणे म्हणजे निकाल देणे नव्हे.

दानपेटीच्या कपाटाला कुलूप असणे हा उपाय आहे. ते कुलूप रोज, सगळ्यांसाठी, माझ्यासाठीसुद्धा असावे. त्यात कुणाचा अपमान नाही. एका माणसाचा हात पाहून त्याच्या डोळ्यांदेखत लावलेले कुलूप हा निकाल होता. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करायची तर प्रत्येकाची करावी. मुलांच्या शिबिरात दोन मोठी माणसे असावीत असा नियम करायचा तर तो धर्मगुरूंनाही लागू असावा. नियम सगळ्यांना सारखा असला की सावधगिरी राखता येते आणि कुणाच्या कपाळावर शिक्काही बसत नाही. तेव्हापासून आमच्या ऑफिसात तसा नियम केला आहे. किल्ली आता टेबलावर पडलेली नसते.

आणि खुणा असलेल्या माणसाकडे कसे पाहावे? पुनरुत्थित प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर आणि कुशीत जखमांच्या खुणा होत्या. वैभवी शरीरातून त्या पुसून टाकणे त्याला अशक्य नव्हते, पण त्याने त्या ठेवल्या. संत योहानाच्या शुभवर्तमानात तो त्या खुणा शिष्यांना स्वतः दाखवतो, आणि आठ दिवसांनी थॉमाला हात पुढे करायला सांगतो. मला वाटते, यात आपल्यासाठी एक मर्यादा आहे. माणसाच्या जखमेची खूण वाचायची ती त्याने दाखवली तर. दाखवावी की नाही, कधी आणि कुणाला, हा त्याचा अधिकार. आपण फक्त असे वागावे की दाखवावीशी वाटली तर त्याला भीती वाटू नये.

सुताराचे काम गेल्या आठवड्यात संपले. जिथे भोके होती तिथेच त्याने नव्या फळ्या बसवल्या आहेत. युवकांनी ठरवले की शिबिरापुरती नव्हे, वर्षभर त्या गाडीत मुलांसाठी पुस्तके ठेवायची. बाहेरून रंग देताना हिरव्या पट्ट्यावरची जुनी अक्षरे तशीच ठेवणार आहेत. ज्यांच्या घरी वाचून झालेली मराठी पुस्तके असतील त्यांनी ऑफिसात आणून द्यावीत. आंटींनीही आपला निर्णय बदलला आहे.

शेवटच्या दिवशी मजुरी देताना मी त्याला ऑफिसात बोलावले. तो आत आला, खुर्चीवर बसला, चहा घेतला. मुलाला इथून पुस्तक न्यायला मिळेल का, एवढे त्याने विचारले. मी हो म्हणालो. हातावरच्या अक्षरांबद्दल त्याने काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ते नाव कुणाचे, ते का जळाले, हे मला आजही माहीत नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू